अख्खा वर्ग एक जूनचा

१ जून उजाडला की सकाळपासून माझ्या मोबाईलला उसंत नसते. बचत गटाचा ग्रुप, भजनी मंडळाचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप... सगळीकडं केक, फुगे, गुलाबाची फुलं आणि "वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा!" मागच्या वर्षी मी मोजलंच. दुपारच्या जेवणापर्यंत सतरा जणांना शुभेच्छा देऊन झाल्या होत्या. त्यात एक माजी सरपंच, दोन शिक्षक, आमचे गॅसवाले आणि खुद्द आमच्या हिच्या-तिच्या सासूबाई. आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "झाली का तुझी लेकरं अजून एक वर्षानं मोठी?"

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात हे असणारच. सासऱ्यांचं, मोठ्या दिरांचं, शेजारच्या काकांचं आधार कार्ड काढून बघा. जन्मतारीख १ जून! एका दिवशी एवढी बाळंतपणं झाली असती तर सुईणी पळून गेल्या असत्या. ही किमया सुईणींची नाही, मास्तरांची. घरच्यांना तारीख सांगता यायची नाही, शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू व्हायचं, मग वय मोजायला सोपं म्हणून १ जून ठोकून द्यायची. सरकारी नोकरीत महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी रिटायर होतो. त्यामुळं आपल्याकडं ३१ मे हा निरोप समारंभांचा महापूर असतो. हारवाल्यांची दिवाळी!

तर त्या लेकरांचं. अकरा मुलांना १ जूनला मी जन्माला घातलंय. म्हणजे रजिस्टरात. कुणी कौतुक करावं असं ते काम नव्हतं, हे मला बारा वर्षांनी कळलं. ते पुढं सांगते.

१९९९ साली मी बी.ए. झाले आणि त्याच वर्षी लग्न होऊन बार्शीकडं आले. विषय मराठी, त्यामुळं नोकरीचा प्रश्नच नव्हता. पण आमच्या गावापासून सहा किलोमीटरवर, बालाघाटच्या पायथ्याला एक वाडी आहे. तिथल्या झेडपीच्या शाळेतले एक गुरुजी बदलून गेले आणि त्यांच्या जागी कुणी येईना. चार वर्ग आणि एक मुख्याध्यापक. शेवटी गावानं ठरवलं, वर्गणी काढून महिना ५०० रुपयांवर एक बाई ठेवायची. सासऱ्यांची त्या वाडीत ऊठबस होती. ते म्हणाले, "आमची सून बी.ए. आहे, रिकामीच बसलीय." रिकामीच! घरातली धुणी, भांडी, चौदा माणसांच्या भाकरी हे कुणी धरतच नाही. असो. मला मात्र घराबाहेर पडायला मिळतंय याचाच आनंद एवढा, की ५०० रुपये ही वर बक्षिशी वाटली.

शाळा दोन खोल्यांची. त्यातली एक तांदळाची. शालेय पोषण आहारात तेव्हा शिजवलेली खिचडी नव्हती, महिन्याला ३ किलो तांदूळ घरी न्यायला मिळायचा, तोही ८० टक्के हजेरी भरली तर. तांदूळ आला की पटावर नसलेली पोरंसुद्धा पिशवी घेऊन रांगेत. एकदा एक आजोबाच रांगेत उभे. म्हटलं, "आजोबा, तुमचं कुणी आहे का शाळेत?" तर म्हणाले, "मी हुतो की. दोन महिनं. १९५२ साली." त्यांचे थकलेले तांदूळ द्यायला आमच्याकडं हेड नव्हतं.

गुरुजी म्हणजे आमचे मुख्याध्यापक. पांढरी टोपी, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक लाल आणि एक निळं. रागावले की लाल पेन काढायचे. माणूस अतिशय सरळ आणि शिकवायला हाडाचा. त्यांची दुसरीची मुलं वीसपर्यंतचे पाढे उलटे म्हणायची. पण सन २००० च्या जूनमध्ये राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं आणि गुरुजी खचले. मला म्हणाले, "बाई, इंग्रजी तुमच्याकडं."

"अहो पण गुरुजी, माझं बी.ए. मराठीत आहे."

"असू द्या. बी आणि ए ही अक्षरं तर इंग्रजीच हायेत ना?"

यापुढं काय बोलणार! मी सुरू केलं. 'स्टँड अप' म्हटलं की निम्मी पोरं दाराकडं पळायची. त्यांना 'ष्टँड' म्हणजे एस.टी. ष्टँड एवढंच माहीत, वाटायचं गाडी आली. 'कॅट म्हणजे मांजर' शिकवलं तर एका पोरानं अगदी काळजीनं विचारलं, "बाई, मग तिकडच्या मांजराला मांजर म्हनलेलं कळत न्हाई का?" मी दोन मिनिटं विचार केला. अजूनही मला उत्तर सापडलेलं नाही.

पण खरी गंमत पहिलीचं नाव घालताना झाली. जूनचा दुसरा आठवडा. माझं अक्षर बरं म्हणून गुरुजींनी जनरल रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं. त्या रजिस्टरात जन्मतारीख दोनदा लिहायची असते, अंकी आणि अक्षरी. मी पेन सरसावून बसले आणि आया-बापांना विचारायला लागले, "जन्म कधीचा?"

पहिली म्हणाली, "भूकंपाच्या दुसऱ्या दिशी." मी खूश! किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे झाला होता, गणपती विसर्जनाच्या रात्री. आमच्याकडं तो कुणी विसरत नाही. म्हणजे तारीख मिळाली. दुसरी म्हणाली, "ज्वारीच्या काढनीत." कुठल्या साली? "त्या साली लई पिकली हुती बगा." तिसरी म्हणाली, "ह्याचा बाप पडला हुता झाडावरनं, त्येच्या आदी." चौथा बाप म्हणाला, "आमची म्हैस आन् ही, दोगी एकाच दिशी बाळंत झाल्या." ही म्हणजे शेजारी पदरात तोंड लपवून बसलेली त्याची बायको. पण म्हणे म्हशीची तारीख गुरांच्या डॉक्टरच्या कार्डावर लिहिलेली आहे, घरी आहे कार्ड, आणू का? मी म्हटलं, आणा. तेवढ्यात गुरुजींनी लाल पेन काढलं.

"बाई, म्हैस बसणार हाय का पहिलीत?"

"अहो पण गुरुजी, तारीख खरी मिळतेय..."

"हे बघा. पहिलीचं मूल म्हणजे सहा वर्षांचं. चालू सालातनं सहा वजा करा आन् १ जून लिवा. समद्यांना सारखं. उद्या साहेब आले तर एकच उत्तर."

नियम तेव्हा पाच पूर्ण असल्याचा होता, पण गुरुजी एक वर्ष शिलकीत ठेवायचे. दोन हजारातनं सहा गेले, राहिले १९९४. मी ओळीनं अकरा वेळा लिहिलं. 'एक जून एकोणीसशे चौऱ्याण्णव.' भूकंपाचा पोरगा आठ महिन्यांनी लहान झाला, म्हशीचा किती लहान-मोठा झाला ते म्हशीलाच ठाऊक. अक्षर मात्र सुरेख आलं होतं. गुरुजी म्हणाले, "छापल्यासारखं!"

त्या अकरांतली शेवटची होती गणी.

रजिस्टरात तिचं नाव वेगळं, चांगलं देवीचं होतं. पण वाडीत लहान-थोर सगळे तिला गणीच म्हणायचे आणि का म्हणायचे ती गोष्ट तिच्या बापानं मला त्याच दिवशी, रजिस्टरासमोर उकिडवं बसून, सगळ्या अभिनयासह सांगितली. तुम्हाला आठवत असेल, २१ सप्टेंबर १९९५ ला देशभर गणपती दूध प्यायला होता. पुढं शास्त्रज्ञांनी ते केशाकर्षण असल्याचं रंगीत दूध वापरून दाखवलं, पण त्या दिवशी कोण ऐकतंय! गणीच्या बापानं घरचं तांब्याभर दूध घेतलं, सडकेपर्यंत चालत, तिथून एस.टी.नं तालुक्याला. गणपतीच्या देवळापुढं ही रांग. दोन तास उभा राहिला. त्याचा नंबर आला तोवर गणपतीचं पोट भरलेलं. "चमचा लावला बाई, पर देव काय तोंड उगडंना!" तसाच तांब्या घेऊन रात्री घरी आला तर दारात बायकांची गर्दी. मुलगी झालेली. तिच्या आज्जीनं त्याच दुधाचं बोट लेकीच्या ओठाला लावलं. "देवाचं उष्टं न्हाई, देवाच्या वाट्याचंच हिनं पिलं," असं म्हणून तिचं नाव गणी पडलं.

एवढी पक्की तारीख! महिना, वार, रात्रीची वेळसुद्धा. पण हिशेब केला तर गणी पाचही पूर्ण नव्हती. मी तसं म्हटलं. बाप एकदम गप्प झाला. मग बायको म्हणाली, "घाला की बाई नाव. तेवढंच तांदूळ." दसरा झाला की दोघं ऊसतोडीला जायचे. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. मुकादमाची उचल कधीच खाऊन झालेली. पोरांना आज्जीकडं ठेवायचं. आज्जीच्या घरात दोन पोरांचा सहा किलो तांदूळ म्हणजे चेष्टा नव्हती.

मी गुरुजींकडं बघितलं. गुरुजी रजिस्टराकडं बघत होते. मी लिहिलं, 'एक जून एकोणीसशे चौऱ्याण्णव.' शाई वाळायला फुंकर मारली. तीन किलो तांदळापायी एक पोर सव्वा वर्षानं मोठी झाली आणि मला वाटलं, केवढं पुण्याचं काम केलं!

त्या वर्षी दिवाळीनंतर साहेब आले तपासणीला. साहेब येणार हे आधी कळतंच. हापशाजवळचा चिखल बुजवला, फळ्याला पानं चोळून काळा केला, एका पोराला बळंच आंघोळ घातली. साहेब पहिलीच्या वर्गावर आले आणि म्हणाले, "इंग्रजी कसं चाललंय?" एका मुलापुढं वाकून त्यांनी विचारलं, "व्हॉट इज युअर नेम?"

पोरगं ताडकन उभं राहिलं. "माय नेम इज बंडू."

"व्हेरी गुड! अँड व्हॉट इज युअर नेम?"

दुसरं म्हणालं, "माय नेम इज बंडू."

तिसऱ्याचंही नाव बंडू. माझ्या पोटात गोळा आला. शिकवताना मी पहिल्या ओळीतल्या बंडूला उभं करून वाक्य घोकून घेतलं होतं. सगळ्यांनी अख्खं वाक्य पाठ केलं होतं, बंडूसकट! गणी शेवटी बसली होती, दोन शेंड्या आणि कडेवर शेजारचं मूल. तीही उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "माय नेम इज बंडू!"

साहेब हसले नाहीत. त्यांनी रजिस्टर मागवलं, पान उलटलं, बराच वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले, "अकरा मुलं. एकच जन्मतारीख. एकच नाव. बाई, हा वर्ग आहे की काय आहे?" आणि मग मात्र ते असे हसले, असे हसले, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. शेरेबुकात त्यांनी लिहिलं, 'अक्षर उत्तम.'

ही गोष्ट मी नंतर कितीतरी हळदी-कुंकवांना सांगितली. हशा हमखास!

दोन वर्षांनी तिथं कायम शिक्षक आले, माझ्या पोटात मोठी लेक होती, माझी शाळा सुटली. गुरुजीही ३१ मे २००२ ला रिटायर झाले. होय, तेही १ जूनचेच. मी संसारात गुरफटले. मग बचत गट, मग महिला मंडळाच्या कामात कौटुंबिक भांडणं सोडवणं, असं करत करत तालुक्यात 'बाई' म्हणून थोडीफार ओळख झाली.

२०१२ चा जून. एका अनोळखी नंबरवरून मला सारखे मिस कॉल यायला लागले. एक वाजला की बंद. शेवटी मीच लावला. पलीकडून अगदी दबक्या आवाजात, "बाई, माय नेम इज बंडू."

मला हसूच फुटलं. मग तिचं रडणं ऐकू आलं.

गणी बारावी पास झाली होती. ६१ टक्के. तिला बार्शीला कॉलेजात जायचं होतं. पण सुपारी फुटली होती आणि जूनच्या शेवटी, चातुर्मास लागायच्या आधीचा मुहूर्त धरला होता. मुलगा चांगला होता, टेम्पो चालवायचा, घरची दोन एकर बागायत. बापाचंही मला चुकीचं वाटेना. दोघं सहा महिने उसात, घरात वयात आलेली पोरगी आणि सांभाळायला थकलेली म्हातारी. रात्री झोप कशी लागावी त्याला? ऊसतोडीच्या गावांत पोरींची लग्नं लवकर का होतात, हे तालुक्याच्या ठिकाणी पंख्याखाली बसून कळत नाही.

पण पोरगी सतराचीही नव्हती. खरी सोळा वर्षं नऊ महिने.

मी ग्रामसेवकाकडं गेले. २००६ च्या कायद्याप्रमाणं गावात बालविवाह रोखण्याचा अधिकार त्यांच्याकडं. माणूस भला होता. त्यानं गणीच्या बापाकडून कागद आणवले आणि माझ्यापुढं ठेवले. दहावीचं बोर्डाचं सर्टिफिकेट. शाळेचा दाखला. जन्मतारीख १ जून १९९४. "मॅडम, अठरा पूर्ण होऊन पंधरवडा झाला. मी कशाच्या जोरावर थांबवू?" ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यूच्या वहीत नोंद नव्हती, घरातलं बाळंतपण, कोण नोंदवणार? आणि बोर्डाचं सर्टिफिकेट असलं की बाकी काही कुणी बघत नाही.

गणीचा बाप शेजारीच बसला होता. त्यानं दाखल्याकडं बोट केलं. "बाई, तुमीच लिवलंय. तुमच्या हातानं. शाळंत जाऊन बघा, अक्षर तुमचंच हाय."

अक्षर उत्तम. शेरेबुकातला शेरा मला त्या क्षणी असा आठवला की बसल्या जागी घाम फुटला.

तिथून मी गुरुजींकडं गेले. म्हटलं, तुम्ही चार शब्द बोला, तुमचं ऐकतील. गुरुजी आता अंगणात खाटेवर असत. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, माझी तारीखसुद्धा माझ्या मास्तरांनी लिवलेली. स्वातंत्र्य आलं तवा मी रांगत हुतो असं आई सांगायची. कागदावर मी तवा तीन वर्सांचा! अडीच वर्सं आदी घरी बसलो. अडीच वर्सांचा पगार गेला." थोडा वेळ थांबून म्हणाले, "माझा पगारच गेला. पोरीचं कायतरी करा." आणि आत जाऊन त्यांनी मला शंभर रुपये दिले, जाण्या-येण्याच्या भाड्याला. मी नको म्हटलं तर खिशातल्या लाल पेनाला हात घातला.

दोन दिवसांनी मुलाकडचे याद्या करायला येणार होते. मी बचत गटाच्या शेवयांचं पाकीट घेऊन, न बोलावता, जाऊन बसले. गणीच्या बापानं मला बघितलं आणि मान फिरवली. ओसरीवर वीस-पंचवीस माणसं. भांडी किती, पंगत किती, वाजंत्री कुणाची, चाललं होतं. मुलाची आजी भिंतीला टेकून बसली होती, ऐंशीच्या घरातली, नाकात मोठी मोरणी. गणी चहा घेऊन आली तसं कुणीतरी हाक मारली, "गणे, पानी आन गं."

मी आजीकडं सरकले आणि अगदी साळसूदपणे म्हटलं, "आजी, तुम्हाला माहितीये का हिला गणी का म्हणतात?"

आजीला माहीत नव्हतं. पण ओसरीवरच्या बाकी सगळ्यांना माहीत होतं! एकजण म्हणाला, "आवो, हिच्या बापाचा तांब्या..." आणि हशा. दुसरा म्हणाला, "त्येच्याच तोंडून ऐका, तोच भारी सांगतो." आता मुलाकडची माणसं आग्रह करायला लागली. गणीचा बाप माझ्याकडं बघत होता. त्याला कळलं होतं. पण आयुष्यभर जी गोष्ट रंगवून सांगितली, ती भर बैठकीत कशी नाकारायची? त्यानं सांगितली. सडक, एस.टी., रांग, चमचा, "देव काय तोंड उगडंना", सगळं. फक्त शेवटी नेहमीसारखा हसला नाही.

लोक हसत होते. म्हातारी हसत नव्हती. ती बोटांवर काहीतरी मोजत होती. मग तिनं विचारलं, "देव दूध पिला त्या साली माझी धाकटी नात हुती दोन वर्साची. ती आता एकोनीसची. मंग ही सतराची बी न्हाई?"

कुणीच बोललं नाही. मुलाच्या बापानं कागदाचं म्हणायला सुरुवात केली, बोर्डाचं सर्टिफिकेट वगैरे. म्हातारी म्हणाली, "कागूद बाळंत हुनार हाय का?"

मग तिनं आवाज न चढवता सांगितलं. तिचं लग्न चौदाव्या वर्षी झालं. पहिली दोन लेकरं गेली. तिसऱ्या खेपेला ती स्वतःच जायची, आठ दिवस शुद्ध नव्हती. "पोरगी हीच. दुसरी बगायची न्हाई. पर अठरा भरल्यावर," असं म्हणून तिनं सुपारी कातरायला घेतली, म्हणजे विषय संपला.

गणीचा बाप मला दारापर्यंत सोडायला आला नाही. मागून एवढंच म्हणाला, "तुमीच लिवायचं आन् तुमीच खोडायचं. आमी काय करायचं, ते बी लिवून द्या." पुढं दोन वर्षं तो माझ्याशी बोलला नाही. मला त्याच्यावर राग धरता आला नाही.

लग्न झालं. २०१३ च्या डिसेंबरात, तुळशीची लग्नं लागल्यावर, अठरा भरून तीन महिने होत नाहीत तोच. कॉलेजचं तिचं दीड वर्ष झालं होतं. उरलेलं बी.ए. तिनं सासरी राहून बाहेरून पुरं केलं, त्यातही आजेसासूनं एका परीक्षेला नातवाला टेम्पो घेऊन पाठवलं होतं म्हणे. मी फार काही केलं असं मला वाटत नाही. म्हातारी नसती तर तो मुहूर्त टळला नसता. कितीतरी पोरींच्या घरी अशी म्हातारी नसते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी जवळजवळ २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. म्हणजे हळदी-कुंकवाला पाच जणी बसल्या तर त्यातली एक. आणि ज्यांचं वय कागदावरच वाढवलं गेलं, त्या तर मोजणीतही कशा याव्यात?

आता परिस्थिती बरीच बदललीय. बाळंतपणं दवाखान्यात होतात, दाखला लगेच मिळतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना तर शाळाप्रवेशाला, लायसनला, मतदार यादीला जन्माचा दाखलाच चालतो. मास्तरांच्या हातची ती पॉवर गेली. तरी तुमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईच्या लेकराचा दाखला काढलाय का, तेवढं एकदा विचारा. विसरला असेल तर उशिराही नोंद करता येते, थोडे हेलपाटे पडतात एवढंच.

गणी आज तिच्या गावात आशाताई आहे. बाळाला जन्मल्या जन्मल्या बाहेरचं दूध लावायचं नाही, आईचंच द्यायचं, हे घरोघर बजावत फिरते! मी एकदा म्हटलं, "आणि तुझ्या बापाचा तांब्या?" तर म्हणाली, "बाई, मी तवा आशा असते तर आज्जीच्या हातातनं हिसकून घेतला असता."

दर १ जूनला तिचा फोन ठरलेला. "बाई, माझा खोटा वाढदिवस. शुभेच्छा द्या." या वर्षी मात्र सकाळी फोन आला नाही. दुपारी मीच लावला. मागं कुणाचं तरी कण्हणं, बायकांचा गलका आणि १०८ च्या गाडीचा भोंगा.

"बाई, गाडीतच हाय. दवाखाना येईस्तोवर थांबतंय असं वाटंना," गणी धापा टाकत म्हणाली. "आज ह्येचा मातुर खराच १ जून हाय बगा." आणि मग फोन कानाला तसाच ठेवून ती कुणावर तरी ओरडली, "ए, घड्याळात बगून ठिव गं! किती वाजलं? नीट बग, अंदाजे सांगू नगंस!"

आणि फोन कट झाला.